वार एक की दोन, एवढं आधी सांगा

एकच भ्रूण गर्भाशयात सोडला होता आणि सोनोग्राफीत दोन हृदयांचे ठोके दिसले, अशी वेळ टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत अधूनमधून येते. घरात आधी पेढे येतात, मागोमाग शंका येते. ‘एकच सोडला म्हणले होते ना, मग दोन कुठून आले वो डॉक्टर?’ सासूबाईंचा हा प्रश्न अगदी रास्त असतो. कुणाला वाटतं, न विचारता दोन सोडले; कुणाला वाटतं, लॅबमध्ये गफलत झाली; कुणी जुळ्या केळ्यांपर्यंत जाऊन पोचतं. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये काय किंवा लातूर शहरात काय, मूल न होण्यावरचे उपचार आता मिळू लागले आहेत. प्रत्येक वेळी पुण्या-मुंबईची नाहीतर हैदराबादची गाडी पकडावी लागत नाही. ही चांगलीच गोष्ट झाली. पण उपचारांबरोबर त्यांची माहितीही घराजवळ यायला हवी होती. एक भ्रूण दुभंगून दोन होऊ शकतात, हे जोडप्याला आधी सांगितलं गेलं पाहिजे. आणि दोन झालेच, तर त्यांची वार एक आहे की दोन, हे तिसरा महिना सरता सरता कागदावर लिहून मिळालं पाहिजे. मागणी एवढीच आहे, पण दोन लेकरांचा जीव तिच्यावर अवलंबून असतो.

जुळी दोन तऱ्हेची असतात. आईची दोन बीजं एकाच वेळी फळली तर होतात ती द्विबीज जुळी. ती खरं तर एकाच दिवशी जन्मलेली साधी भावंडं. एक मुलगा, एक मुलगी असंही होतं. एकच बीज फळून झालेला भ्रूण पहिल्या काही दिवसांत दुभंगला तर होतात ती एकबीज जुळी, चेहऱ्यामोहऱ्याने सारखी. द्विबीज जुळ्यांचं प्रमाण देशाप्रमाणे, आईच्या वयाप्रमाणे, घराण्याप्रमाणे बदलतं. एकबीज जुळ्यांचं प्रमाण मात्र जगात कुठेही गेलं तरी हजार बाळंतपणांमागे साडेतीन-चारच्या आसपास राहतं, आणि माहेरी जुळी होती की नव्हती याच्याशी त्याचा सहसा संबंध नसतो. भ्रूण का दुभंगतो, हे शास्त्रालाही नेमकं उमगलेलं नाही. नेदरलँड्समधल्या जेनी व्हॅन डाँगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं, की एकबीज जुळ्यांच्या डीएनएवर एक खास रासायनिक खूण असते आणि ती मोठेपणीही टिकते. ही खूण दुभंगण्याचं कारण आहे की परिणाम, ते कोडं सुटलेलं नाही.

उपचारांनंतर हे प्रमाण वाढतं, हे कळायला काही वर्षं गेली. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन जन्मली २५ जुलै १९७८ ला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या कामातून हर्षाचा जन्म झाला तो ६ ऑगस्ट १९८६ ला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८४ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या डॉ. जॉन योविच यांच्या गटाने टेस्ट ट्यूब उपचारानंतर झालेल्या एकबीज जुळ्यांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती. १९८७ मध्ये बेल्जियमच्या कॅथरीन डेरोम आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आणखी महत्त्वाची गोष्ट मांडली: टेस्ट ट्यूब न करता, नुसती बीज तयार होण्याची औषधं घेतलेल्या बायकांमध्येही एकबीज जुळ्यांचं प्रमाण वाढलेलं होतं, शंभरात एकाच्या वर. म्हणजे हा मुद्दा मोठ्या शहरातल्या महागड्या केंद्रापुरता नाही. उदगीर किंवा देगलूरच्या साध्या दवाखान्यात बीजाच्या गोळ्या सुरू करणाऱ्या बाईलाही तो लागू पडतो.

या विषयावरचा सगळ्यात मोठा हिशेब जपानने मांडला. तिथल्या राष्ट्रीय नोंदणीतले ९ लाख ३७ हजार ८४८ उपचार तपासले गेले, प्रत्येकात एकच भ्रूण सोडलेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भ्रूण दुभंगण्याचं प्रमाण १.३६ टक्के निघालं, म्हणजे नैसर्गिक गर्भधारणेच्या तिपटीहून जास्त. गोठवून ठेवलेला भ्रूण, पाच दिवस लॅबमध्ये वाढवलेला भ्रूण आणि भ्रूणाचं कवच मुद्दाम पातळ करण्याची प्रक्रिया या तिन्हींमुळे शक्यता थोडी वाढते, असंही दिसलं. याच अभ्यासात एकच भ्रूण सोडल्यावर तिळी राहिल्याच्याही शंभरावर नोंदी आहेत. सासूबाईंच्या प्रश्नाला इतकं भक्कम उत्तर उपलब्ध असताना ते त्यांच्यापर्यंत न पोचणं ही केंद्रांची चूक आहे. त्यातून येणारा अविश्वास त्या घराला आणि डॉक्टरला दोघांनाही महागात पडतो. आणि क्वचित असंही होतं, की एक भ्रूण सोडला आणि मुलगा-मुलगी अशी जुळी झाली. त्या वेळी भ्रूण दुभंगलेला नसतो. त्याच महिन्यात नवरा-बायकोच्या संबंधातून दुसरा गर्भ आपसूक राहिलेला असतो. हेही आधी सांगितलं, तर संशयाने घर मोडायची वेळ येणार नाही.

खरी काळजी पुढे आहे.

भ्रूण पहिल्या तीन दिवसांत दुभंगला तर दोघांना वेगळी वार आणि वेगळी पिशवी मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान दुभंगला तर पिशव्या दोन, वार मात्र एक. त्याहून उशीर झाला तर दोघं एकाच पिशवीत, आणि तेराव्या दिवसानंतर दुभंगायला लागला तर शरीरं जोडलेली राहतात. पाठ्यपुस्तकात असं शिकवतात. एकबीज जुळ्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश जोड्यांना वार एकच असते. लॅबमध्ये पाच दिवस वाढवून सोडलेला भ्रूण पुढे दुभंगला, तर बहुतेकदा हाच प्रकार होतो.

एक वार म्हणजे दोन लेकरांचं पोषण एकाच मुळावर. त्या वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. देवाणघेवाण सारखी चालली तोवर ठीक. पण अशा दर शंभर गर्भारपणांत दहा ते पंधरा ठिकाणी तोल बिघडतो. एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहतं. देणारं बाळ सुकत जातं, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं आणि ते पिशवीच्या भिंतीला चिकटल्यासारखं होतं. घेणारं बाळ रक्ताच्या ओझ्याने फुगतं, त्याच्या हृदयावर ताण येतो, त्याच्याभोवती पाणी वाढत जातं. पाचव्या-सहाव्या महिन्यात हे जोरात सुरू झालं आणि उपचार मिळाला नाही, तर दहातल्या आठ-नऊ वेळा बाळं जातात. एक बाळ गेलं तरी दुसरं सुटत नाही, कारण त्याचं रक्त एकदम जोडीदाराकडे ओढलं जातं. दुसरं वाचलं तरी त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते.

आईला यातलं काय जाणवतं? पोट झपाट्याने वाढतं, ताणल्यासारखं होतं, धाप लागते, झोपता येत नाही. आपल्याकडे नेमकी ह्याच दिवसांत डोहाळजेवणाची गडबड असते. पोट मोठं दिसलं की बायका कौतुक करतात, ‘जुळं आहे, मोठं दिसणारच’ म्हणतात. आठ दिवसांत पोट डोळ्यांदेखत वाढलं तर त्याच दिवशी सोनोग्राफी करायची असते, हे ज्या बाईला आधी कुणी सांगितलेलं नसतं, ती हसून वेळ निभावते आणि पुढच्या तारखेची वाट बघते. तिला दोष देता येणार नाही.

वार एक की दोन, हे ओळखायची सगळ्यात चांगली वेळ अकरा ते चौदा आठवडे. त्या वेळी दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे मिळतो तिथे नीट पाहिलं तर कळतं. वार दोन असतील तर तिथे वारेचा त्रिकोणी कोंभ पडद्यात शिरलेला दिसतो. डॉक्टर त्याला लॅम्डाची खूण म्हणतात. वार एक असेल तर पातळ पडदा काटकोनात वारेवर टेकलेला दिसतो, इंग्रजी टी अक्षरासारखा. यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, नेहमीच्या सोनोग्राफीतच दिसतं. पण महिने वाढले की ही खूण पुसट होत जाते आणि नंतर चांगल्या जाणकारालाही छातीठोक सांगता येत नाही. म्हणून अहवालात ‘जुळं, दोन्ही ठोके चांगले’ एवढंच लिहिणं पुरेसं नाही. वार किती, पिशव्या किती, हे शब्दांत लिहिलेलं हवं आणि त्या जागेचं छायाचित्र जोडलेलं हवं.

आपल्या देशात याला आणखी एक कारण आहे. जिथे गर्भाचं लिंग सांगायला बंदी नाही, तिथे एक मुलगा आणि एक मुलगी दिसली की जुळी द्विबीज आहेत, वारा वेगळ्या आहेत, हे सरळ कळतं आणि आई-बापांनाही सांगता येतं. आपल्याकडे मुलींना वाचवण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि देशाने १९९४ मध्ये कायदा केला, आणि तो कडकपणे पाळला गेलाच पाहिजे. मग पुढच्या डॉक्टरला आणि घरच्यांना भरवसा ठेवायला अहवालातली वारेची ती ओळच उरते. तिचं मोल इथे जास्त आहे.

वार एक आहे असं कळलं की सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी हवी. तोल पंधरवड्याच्या आतही बिघडू शकतो. आता हे किनवट-माहूरच्या बाईच्या बाजूने पाहा. नांदेड तिथून शंभर किलोमीटरहून लांब आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते, आणि जोखमीची गर्भारपणं हुडकायला तिचा मोठा उपयोग आहे. पण महिन्यातून एकदा होणारी तपासणी पंधरा दिवसांच्या गरजेला अर्धीच पुरते. उरलेल्या फेऱ्यांचं भाडं, दिवसाची मजुरी, सोबत येणाऱ्या माणसाचा खाडा, हा सगळा खर्च त्या घरावर येतो. गरोदर मातेला मोफत तपासणी आणि मोफत वाहन देण्याची जननी शिशु सुरक्षा योजना २०११ पासून आहे. एका वारेच्या जुळ्यांसाठी दर पंधरवड्याची फेरी तिच्यात स्पष्टपणे धरली गेली पाहिजे.

त्यात लपवाछपवी आहे. टेस्ट ट्यूब करून घेतल्याचं गावात कळू नये म्हणून कित्येक घरं जीव मुठीत धरून असतात. वांझ म्हणून हिणवलं गेलेली बाई आता दिवस गेल्यावर ‘औषधाचं लेकरू’ हा नवा शिक्का नको म्हणून आशाताईलाही सांगत नाही. उपचाराची फाइल कपाटात राहते. मग अडचण आली की ज्या डॉक्टरसमोर ती जाते त्याला ठाऊकच नसतं, की एकच भ्रूण सोडला होता, अमुक तारखेला, पाचव्या दिवसाचा. ही एक ओळ माहीत असती तर जुळी एकबीज असणार, वार एक असू शकते, हा संशय त्याने पहिल्याच भेटीत घेतला असता. समाजाने या बायकांना जी लाज वाटायला लावली आहे तिची किंमत अशी पोटातली बाळं मोजतात.

एका वारेवर रक्ताचा तोल बिघडण्याच्या या आजारावर उपचार आहे. गर्भाशयात बारीक दुर्बीण घालून वारेवरच्या जोड-रक्तवाहिन्या लेझरने बंद करतात. २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या युरोपीय चाचणीत, नुसतं पाणी काढत राहण्यापेक्षा लेझरचा गुण स्पष्टपणे जास्त दिसला: निदान एक बाळ जन्मानंतर २८ दिवस जगण्याचं प्रमाण ५६ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांवर गेलं. हे कौशल्य हैदराबाद, मुंबई, चेन्नई अशा मोठ्या शहरांतल्या मोजक्या डॉक्टरांकडे आहे. नांदेड-लातूरहून हैदराबाद तसं फार लांब नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता आणि आजारपणात तिकडे जाण्याची वाट जुनीच आहे. पण त्या वाटेला वेळेवर लागायचं, तर वार एक आहे हे आधी माहीत असायला हवं.

मग पहिल्यांदाच दोन भ्रूण सोडावेत का, हा प्रश्न. अनेक जोडपी स्वतःहून ते मागतात. ‘दोन टाका डॉक्टर, एकदाच काम होऊन जाऊ द्या.’ यामागे अज्ञान नसतं, हिशेब असतो. एका खेपेचा खर्च लाखाच्या पुढे जातो, आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वावरचे उपचार बसत नाहीत, आणि सोयाबीनच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घराने त्यासाठी गंठण मोडलेलं असतं. दुसरी खेप त्यांना दिसतच नाही. त्यांना जे सांगायला हवं ते स्वीडनच्या चाचणीत आहे, तीही २००४ चीच. एका गटाला एकदम दोन भ्रूण सोडले. दुसऱ्या गटाला एक सोडला आणि बाळ झालं नाही तर गोठवलेला दुसरा नंतर सोडला. बाळ होण्याचं प्रमाण पहिल्या गटात ४२.९ टक्के, दुसऱ्यात ३८.८; फरक थोडका. पण झालेल्या बाळंतपणांत जुळ्या-तिळ्यांचं प्रमाण पहिल्या गटात ३३.१ टक्के आणि दुसऱ्यात ०.८ टक्के. शिवाय दोन सोडले म्हणजे जास्तीत जास्त दोनच, असंही नाही. दोन्ही रुजले आणि त्यातला एक दुभंगला की तिळी होतात, त्यांतली दोन एका वारेवर. ‘जास्त राहिले तर एक कमी करू’ हे आश्वासनही तिथे लंगडं पडतं: रक्तवाहिन्या जोडलेल्या असल्याने एका गर्भाला दिलेलं इंजेक्शन दुसऱ्यालाही मारू शकतं, आणि त्याऐवजी करायची प्रक्रिया अवघड असते, ती करणारेही थोडे. आपल्याच देशाच्या २०२२ च्या सरोगसी नियमांत सरोगेट मातेच्या गर्भाशयात एका वेळी एकच भ्रूण सोडावा, खास परिस्थितीतच तीनपर्यंत जावं, असं म्हटलं आहे. स्वतःचं मूल स्वतः वाढवणाऱ्या आईला त्याहून कमी जपावं असं कुठलंही कारण दिसत नाही. म्हणूनच केंद्रांच्या जाहिरातींत दोन गुटगुटीत बाळांची छायाचित्रं दिसतात तेव्हा वाईट वाटतं. जुळं झालेलं घर आनंदी असतं, त्या आनंदाबद्दल कुणाची तक्रार नाही. पण उपचाराचं यश म्हणून जुळी मिरवली, की जोखमीचीच मागणी वाढते.

जुळी बहुतेकदा वेळेआधी जन्मतात. एका वारेची सगळं सुरळीत असलं तरी साधारण ३६ ते ३७ आठवड्यांत घेतली जातात, नसलं तर कितीतरी आधी. मग पेटी लागते, तीही दोन. नांदेडला याची आठवण करून द्यायला नको. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ माणसं गेली, त्यांत १६ बालकं होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणाच्या सीमेवरून येणाऱ्या बाळांचा भार त्या विभागावर पडतो. खासगी केंद्रात राहिलेलं जुळं सातव्या महिन्यात तिथेच येऊन पोचणार असेल, तर तो भार टाळता येण्याजोगा किती होता, हे विचारलंच पाहिजे.

कायद्यात यासाठी आधार आहे. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सहायक जननतंत्रज्ञान कायद्यानुसार केंद्राने जोडप्याला समुपदेशन द्यायचं आहे आणि एकापेक्षा जास्त गर्भ राहण्याच्या धोक्यासह सगळे धोके समजावायचे आहेत. नोंदी निदान दहा वर्षं ठेवायच्या आहेत. सही घेताना ‘जुळं होऊ शकतं’ असं पुटपुटून हे कर्तव्य पुरं होत नाही. एक भ्रूण सोडला तरी शंभरातल्या एखाद-दुसऱ्या गर्भारपणात जुळं राहतं, ते बहुतेकदा एका वारेचं असतं, तसं झालं तर अमुक आठवड्यात अमुक तपासणी, हे मराठीत छापून हातात दिलं पाहिजे. राष्ट्रीय नोंदणीत जमा होणाऱ्या आकड्यांतून जुळ्यांचं काय झालं, हे जिल्ह्यागणिक लोकांपुढे यायला हवं. आणि उपचार सरकारी दवाखान्यात मिळाले तर ‘एकदाच काम होऊ द्या’ हा दाब बराच सैल होईल; गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ मध्ये मोफत टेस्ट ट्यूब उपचार सुरू करून ते शक्य असल्याचं दाखवलं आहे. मराठवाड्यात ते कधीतरी यावं.

तोवर थांबण्याची गरज नसलेलं कामही आहे. नांदेडला विष्णुपुरीत, लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्थेत आणि शेजारी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण महाविद्यालयात स्त्रीरोग विभाग आहे, सोनोग्राफी आहे. प्रत्येकाने आठवड्यातला एक दिवस एका वारेच्या जुळ्यांच्या तपासणीला ठरवून दिला आणि खासगी केंद्रांनी, तालुक्याच्या सोनोग्राफीवाल्यांनी अशा प्रत्येक बाईला फाइलसह तिथे पाठवायचं ठरवलं, तर पंधरा दिवसांची ती फेरी कुणाच्या मर्जीवर राहणार नाही. सोबत आशाताईला फोन गेला, बाईच्या हातात पुढच्या सहा तपासण्यांच्या तारखा लिहिलेलं कार्ड आलं आणि त्यावर ‘पोट अचानक वाढलं, धाप लागली तर तारखेची वाट पाहू नका’ एवढं ठळक छापलं, तर हे काम याच वर्षी सुरू होऊ शकतं.